इस्त्री करणाऱ्या बाईचा पोरगा टँगोचा बादशहा झाला, पण तो नेमका कुठला यावरून दोन देश आजही भांडतात

अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्स. आबास्तो नावाचा भाग. रात्रीचे साडेआठ वाजत आलेत आणि एका कोपऱ्यावरच्या जुन्या इमारतीसमोर टुरिस्ट लोकांना घेऊन आलेल्या गाड्या एकामागोमाग एक थांबतायत.

आत जुन्या काळच्या थिएटरसारखी सजावट. आधी एम्पानादा येतात. दिसायला आपल्या करंजीसारख्या, फक्त आत खिमा. मग अर्जेंटिनाचा जगात भारी समजला जाणारा स्टेक, सोबत माल्बेक वाईन. जेवण संपत आलं की दिवे मंद होतात, बँडोनियन नावाच्या पेटीसारख्या वाद्याचा रडवेला सूर निघतो आणि स्टेजवर नाचणारी जोडी येते. टँगो सुरू होतो.

या जागेचं नाव आहे एस्किना कार्लोस गार्देल. एस्किना म्हणजे कोपरा. थोडक्यात, गार्देलचा कोपरा.

पण गंमत अशी आहे की, ज्या माणसाच्या नावानं इथं रोज रात्री टँगोचा नाच होतो तो काही नाचणारा म्हणून गाजला नव्हता. तो गाणारा होता. टँगो पायानं नाचायची गोष्ट होती, ती कानानं ऐकायची आणि मनाला लावून घ्यायची गोष्ट कशी झाली, याचं उत्तर म्हणजे हा माणूस. आणि याच माणसानं एकदा सरकारी कागदावर आपल्या जिवंत आईला मेलेली दाखवली होती.

म्हणूनच हा कार्लोस गार्देल कोण होता, हे नीट समजून घेऊ.

१८९३ साली तीन गोष्टी घडल्या

११ डिसेंबर १८९० ला फ्रान्समधल्या तुलूज शहरातल्या एका हॉस्पिटलमध्ये बर्थ गार्देस नावाच्या तरुणीला मुलगा झाला. बर्थचं लग्न झालेलं नव्हतं. मुलाचा बाप आधीच दुसऱ्या बाईचा नवरा होता. जन्माच्या नोंदीत बापाच्या नावाची जागा अज्ञात म्हणून भरली गेली. मुलाचं नाव ठेवलं शार्ल रोम्युआल्द गार्देस.

त्या काळात लग्नाआधी मूल होणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. मुलगा सव्वादोन वर्षांचा असताना बर्थनं त्याला कडेवर घेतलं, बोटीत बसली आणि मार्च १८९३ मध्ये ब्युनोस आयर्सच्या बंदरावर उतरली. हातात पैसा नाही. तिला एक काम यायचं, कपड्यांना इस्त्री करायचं. तेच तिनं धरलं. शेजारीपाजारी विचारायला लागले की विधवा असल्याचं सांगायचं, असं ठरवून टाकलं. फ्रेंच शार्लचा स्पॅनिश कार्लोस झाला.

त्याच १८९३ साली आबास्तोमध्ये शहराचं भाजीफळांचं घाऊक मार्केट सुरू झालं. आज जिथं टँगोचा शो होतो, त्या कोपऱ्यावरच्या चांता क्वात्रो या खाणावळीची इमारतही १८९३ चीच सांगतात. खाली खाणं-पिणं, वर मुक्कामाची सोय. मार्केटात माल घेऊन येणारे गाडीवाले, हमाल आणि व्यापारी यांचा तो अड्डा होता.

म्हणजे पोरगा, मार्केट आणि खाणावळ तिघं एकाच वर्षी ब्युनोस आयर्समध्ये दाखल झाले. पुढं तिघांची गोष्ट एकच होणार होती.

टँगोला तेव्हा घरात जागा नव्हती

आज टँगो म्हटलं की आपल्याला सूट, टाचांचे बूट आणि महागडं डिनर आठवतं. तेव्हाचा सीन पूर्ण उलटा होता.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इटली, स्पेन आणि पूर्व युरोपातून लाखो लोक पोटासाठी ब्युनोस आयर्समध्ये येत होते. १९१४ च्या जनगणनेत शहरातला जवळपास प्रत्येक दुसरा माणूस परदेशात जन्मलेला निघाला. हे लोक राहायचे कोन्वेंतिजोमध्ये. मधे चौक, भोवती खोल्या, एका खोलीत अख्खं बिऱ्हाड आणि नळ-संडास सगळ्यांना मिळून. आपल्या भाषेत सांगायचं तर चाळ.

या चाळींमध्ये, बंदरावरच्या गुत्त्यांमध्ये आणि वेश्यावस्तीत टँगो जन्मला. त्यात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांचा ताल होता, क्युबाहून आलेला हाबानेरा होता, गावाकडच्या गवयांची मिलोंगा होती आणि जर्मनीतून आलेलं बँडोनियन होतं. नदीपलीकडच्या उरुग्वेतल्या माँतेविदेओ शहरातही हाच प्रकार सुरू होता. चांगल्या घरातल्या लोकांनी मात्र टँगोला दार बंद केलं होतं. मग १९१० च्या आसपास पॅरिसला टँगोचं वेड लागलं आणि जे पॅरिसला आवडलं ते आपल्यालाही आवडतं, असं इथल्या श्रीमंतांच्याही लक्षात आलं. हा अनुभव जगात सगळीकडे सारखाच असावा.

पण एक गोष्ट राहिली होती. टँगोला शब्द असायचे ते बहुतेक चावट, टवाळ, टपोरी. त्यात गोष्ट नसायची, दुःख नसायचं. ते काम कुणीतरी करायचं बाकी होतं.

आबास्तोचा काळ्या केसांचा पोरगा

बर्थ दिवसभर इस्त्री करायची आणि कार्लोस गल्लीत वाढायचा. तिनं त्याला पाद्र्यांच्या शाळेत घातलं, तिथं तो प्रार्थनेच्या गाण्यांमध्ये गायचाही. पण पोराचा जीव शाळेत रमला नाही. घरातून पळून जाण्याचे उद्योगही त्यानं केले. थिएटरात पडद्यामागची फुटकळ कामं मिळाली, तिथं फुकटात ऑपेरा ऐकायला मिळाला. हे शिक्षण मात्र पुढं आयुष्यभर कामाला आलं.

रात्री तो आबास्तोच्या मार्केटभोवतीच्या कॅफेंमध्ये गिटार घेऊन बसायचा. ओ'रोंदेमान नावाच्या कॅफेत त्याचा आवाज पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरला. हा कॅफे त्या भागातल्या राजकीय दादांचा होता. दादांना सभेआधी गर्दी जमवायला गवई लागायचे आणि गवयांना जेवण आणि संरक्षण लागायचं. चांता क्वात्रोच्या टेबलांवर मित्रांसोबत रात्री जागवल्याच्या आठवणीही याच दिवसांतल्या. लोकांनी त्याला नाव दिलं, एल मोरोचो देल आबास्तो. म्हणजे आबास्तोचा काळ्या केसांचा पोरगा.

गार्देसचं गार्देल झालं ते याच काळात. पण गंमत म्हणजे तो अजून टँगो गात नव्हता. तो गायचा गावाकडची लोकगीतं. १९१२ मध्ये त्याची पहिली रेकॉर्डिंग झाली, तीही लोकगीतांचीच. होसे राझानो नावाच्या गायकासोबत त्याची जोडी जमली आणि आर्मेनोनव्हिल नावाच्या श्रीमंतांच्या कॅबरेमध्ये त्यांना काम मिळालं. मार्केटातला पोरगा पहिल्यांदा झुंबराखाली गायला लागला.

एक गाणं आलं आणि सगळं बदललं

१९१७ साल. पास्कुआल कोंतुर्सी नावाच्या कवीनं सामुएल कास्त्रिओता या पियानोवाल्याच्या एका चालीवर शब्द बसवले होते. गाण्याचं नाव मी नोचे त्रिस्ते, म्हणजे माझी उदास रात्र. बायको किंवा प्रेयसी सोडून गेलेला एक माणूस रिकाम्या खोलीत बसलाय आणि खोलीतली एकेक वस्तू त्याला तिची आठवण करून देतेय, एवढीच गोष्ट. शब्द झोपडपट्टीच्या बोलीतले, ज्या बोलीला तिथं लुनफार्दो म्हणतात.

गार्देलनं ते गायलं आणि रेकॉर्ड केलं. टँगोत पुरुष रडू शकतो, हे लोकांना पहिल्यांदा कळलं. ज्याचं गाव मागं राहिलंय, ज्याची बायको दूर देशात आहे, ज्याला खोलीवर जाऊन कुणाशी बोलायला माणूस नाही, अशा लाखो लोकांच्या शहरात हे गाणं थेट काळजात घुसलं. इथून टँगो-कान्सिओन म्हणजे गाण्याचा टँगो हा प्रकार सुरू झाला, असं मानतात.

गार्देलच्या आवाजाची खासियत अशी की तो गाणं म्हणायचा नाही, गोष्ट सांगायचा. तीन मिनिटांत एक अख्खं पात्र उभं करायचा. १९२५ मध्ये घशाच्या त्रासामुळं राझानो गाण्यातून बाजूला झाला आणि गार्देल एकटा गायला लागला. मागं फक्त गिटारी. आयुष्यभरात त्यानं साडेसातशेहून जास्त गाणी रेकॉर्ड केली.

दिसण्याच्या बाबतीतही त्यानं मेहनत घेतली. तरुणपणी त्याचं वजन भरपूर वाढलं होतं. खाण्याची आवड दांडगी. मग व्यायामशाळा गाठली, वजन उतरवलं आणि चापून बसवलेले केस, तिरकी हॅट आणि ते प्रसिद्ध हसू असा लूक तयार झाला.

छातीत गोळी, खिशात खोटा कागद

डिसेंबर १९१५ मध्ये ब्युनोस आयर्समधल्या पॅले द ग्लास या नाचाच्या हॉलमधून बाहेर पडल्यावर भांडण झालं आणि गार्देलला गोळी लागली. ती फुप्फुसाजवळ अडकली. डॉक्टरांनी ती काढायची जोखीम घेतली नाही. पुढं तो जे काही गायला, ते सगळं छातीत गोळी घेऊन.

पण त्याला खरी भीती गोळीची नव्हती, कागदाची होती.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. फ्रान्समध्ये जन्मलेल्या प्रत्येक तरुणाला सैन्यात हजर व्हायचा हुकूम होता, मग तो जगात कुठंही असो. गार्देल गेला नाही. दोन वर्षांचा असताना सोडलेल्या देशासाठी मरायला जायचं, हे त्याला पटणं अवघडच होतं. पण त्यामुळं फ्रान्सच्या दृष्टीनं तो युद्धातून पळालेला गुन्हेगार ठरत होता. युरोपात गाजायचं स्वप्न बघणाऱ्या गायकासाठी हा मोठा खोडा होता. पासपोर्ट काढायचा तर खरा जन्म सांगावा लागणार, खरा जन्म सांगितला तर पकडलं जाणार.

मग १९२० मध्ये तो ब्युनोस आयर्समधल्या उरुग्वेच्या वकिलातीत गेला आणि नोंद करून आला की आपला जन्म १८८७ साली उरुग्वेतल्या ताक्वारेम्बो गावात झाला. आईवडिलांची नावं कार्लोस आणि मारिया. दोघंही वारले.

त्याच शहरात, काही मैलांवर, बर्थ जिवंत होती. ज्या बाईनं बदनामी सोसून, समुद्र ओलांडून, इस्त्री करून त्याला वाढवलं, तिला कागदावरून पुसल्याशिवाय त्याची सुटका नव्हती. त्या कागदाच्या आधारावर १९२३ मध्ये तो रीतसर अर्जेंटिनाचा नागरिक झाला आणि मग युरोपच्या बोटीत बसला. तिथं गेल्यावर तो तुलूजला जाऊन आईच्या नातेवाइकांना भेटूनही आला. नव्या पासपोर्टवर.

आईला मात्र त्यानं कधी अंतर दिलं नाही. १९२७ मध्ये आबास्तोजवळच्या हाउरेस रस्त्यावर त्यानं एक घर घेतलं, ते तिच्यासाठी. एवढा मोठा स्टार झाल्यावरही तो तिथं आईसोबतच राहायचा. त्यानं कधीच लग्न केलं नाही.

पॅरिस, न्यूयॉर्क आणि घोड्याच्या डोक्यानं हरलेला डाव

१९२८ मध्ये गार्देलनं पॅरिस जिंकलं. ज्या देशानं त्याला फरार ठरवलं असतं, तोच देश त्याच्यासाठी तिकिटं काढत होता. मग बोलपट आले आणि पॅरामाउंट कंपनीनं त्याला आधी पॅरिसजवळच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या स्टुडिओत उभं केलं. सिनेमे साधेच होते, पण लॅटिन अमेरिकेतल्या थिएटरांमध्ये गाणं संपलं की पब्लिक एवढा दंगा करायचं की रीळ मागं फिरवून तेच गाणं पुन्हा दाखवावं लागायचं. वन्स मोअर, तेही सिनेमात.

या सिनेमांसाठी शब्द लिहायचा आल्फ्रेदो ले पेरा आणि चाली द्यायचा स्वतः गार्देल. त्याला नोटेशन लिहिता येत नव्हतं. तो चाल गुणगुणायचा आणि सोबतचे वादक ती कागदावर उतरवायचे. अशीच एक चाल म्हणजे पोर उना काबेसा. अर्थ, एका डोक्याच्या अंतरानं. शर्यतीत घोडा थोडक्यात हरतो त्यासाठीचा हा शब्द. गार्देलला रेसचा भयंकर नाद, त्याचा स्वतःचा लुनातिको नावाचा घोडाही होता. प्रेमात आणि रेसमध्ये थोडक्यात हरणाऱ्या माणसाचं हे गाणं.

नाव ओळखीचं वाटलं नाही तरी चाल तुम्ही नक्की ऐकली आहे. सेंट ऑफ अ वुमन सिनेमात आंधळा अल पचिनो एका मुलीसोबत टँगो नाचतो, ती हीच चाल. शिंडलर्स लिस्ट आणि ट्रू लाईज मध्येही हीच.

न्यूयॉर्कमध्येच त्याला एक अर्जेंटिनाचा तेरा वर्षांचा पोरगा भेटला, बँडोनियन वाजवणारा. गार्देलनं त्याला एल दिआ के मे किएरास या सिनेमात पेपर विकणाऱ्या पोराचा छोटा रोल दिला आणि पुढच्या टूरवर सोबत चल म्हणून सांगितलं. पोराच्या बापानं परवानगी दिली नाही. पोरगं खट्टू झालं.

त्या पोराचं नाव आस्तोर पियाझोला. पुढं टँगोचा चेहरामोहरा बदलणारा संगीतकार तो हाच. बापाच्या त्या नकारानं त्याचा जीव वाचला.

२४ जून १९३५

त्या वर्षी गार्देलनं पोर्तो रिको, व्हेनेझुएला, कोलंबिया असा मोठा दौरा काढला होता. बोगोटामध्ये रेडिओवर शेवटचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्या दिवशी तो कालीला निघाला. वाटेत विमान मेदेयीनला थांबलं. दुपारी पुन्हा उड्डाण करताना त्याचं विमान धावपट्टीवरून वळलं आणि बाजूला उभ्या असलेल्या दुसऱ्या विमानावर आदळलं. दोन्ही विमानांनी पेट घेतला.

गार्देल गेला. ले पेरा गेला. त्याच्या गिटारवाल्यांपैकी बार्बिएरी तिथंच गेला, रिवेरोल दोन दिवसांनी. आगिलार भाजला, पण वाचला. गार्देल ४४ वर्षांचा होता.

बर्थ तेव्हा तुलूजमध्ये होती. नातेवाइकांना भेटायला गेली होती. जिथं तिनं त्याला जन्म दिला, त्याच शहरात तिला तो गेल्याची बातमी कळली.

त्याला आधी मेदेयीनमध्येच पुरलं होतं. मग काही महिन्यांनी शवपेटी बाहेर काढली आणि तिचा प्रवास सुरू झाला. डोंगरातून रेल्वे आणि खेचरांवरून समुद्रापर्यंत, तिथून बोटीनं न्यूयॉर्क, मग रिओ, माँतेविदेओ आणि ५ फेब्रुवारी १९३६ ला ब्युनोस आयर्स. जिथं बॉक्सिंगच्या मॅच व्हायच्या त्या लुना पार्कमध्ये त्याचं अंत्यदर्शन ठेवलं. दुसऱ्या दिवशी चाकारिता दफनभूमीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांचा पूर होता.

मृत्युपत्र निघालं आणि नवंच भांडण लागलं

७ नोव्हेंबर १९३३ ला, अर्जेंटिना सोडून बोटीत बसण्याआधी, गार्देलनं स्वतःच्या हातानं मृत्युपत्र लिहून ठेवलं होतं. त्यानंतर तो जिवंतपणी अर्जेंटिनात परतलाच नाही. त्या कागदात त्यानं लिहिलं की आपण फ्रेंच आहोत, जन्म तुलूजचा, ११ डिसेंबर १८९० चा, आणि आपण बर्थ गार्देसचा मुलगा आहोत. जे काही आहे ते सगळं आईला.

तेरा वर्षांपूर्वी एका कागदावर मेलेली दाखवलेली आई त्यानं दुसऱ्या कागदावर जिवंत केली होती.

पण तोवर पहिला कागद आपलं काम करून बसला होता. उरुग्वेचं म्हणणं असं की तो ताक्वारेम्बोचाच, तिथल्या एका बड्या कर्नलचा अनौरस मुलगा, बर्थनं त्याला फक्त सांभाळलं. तिथं त्याच्या नावाचं म्युझियमही आहे. २००३ मध्ये गार्देलच्या मूळ रेकॉर्डिंग्जचा संग्रह युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत गेला, तो उरुग्वेच्याच वतीनं. बहुतेक इतिहासकार तुलूजची जन्मनोंद आणि मृत्युपत्र यांच्याकडे बोट दाखवतात. वाद संपलेला नाही.

टँगोबद्दल मात्र दोघांनी शहाणपणा दाखवला. २००९ मध्ये अर्जेंटिना आणि उरुग्वेनं मिळून अर्ज केला आणि टँगो युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेला. ११ डिसेंबर, गार्देलचा वाढदिवस, अर्जेंटिनात राष्ट्रीय टँगो दिवस म्हणून साजरा होतो.

आता पुन्हा त्या कोपऱ्यावर येऊ

गार्देलनंतर टँगोनं चाळीसच्या दशकात सोन्याचे दिवस पाहिले. मग रॉक आलं, लष्करी राजवटी आल्या आणि टँगो म्हाताऱ्यांची गोष्ट होऊन बसला. आबास्तोचं मार्केट १९८४ मध्ये बंद पडलं, भाग ओस पडला. त्याच सुमाराला टँगो आर्जेंतिनो नावाचा स्टेज शो १९८३ मध्ये पॅरिसला आणि १९८५ मध्ये ब्रॉडवेवर गाजला आणि जगाला पुन्हा टँगोचं वेड लागलं. पुन्हा तेच, बाहेर गाजल्यावर घरात किंमत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मार्केटाचा शॉपिंग मॉल झाला. चांता क्वात्रोच्या कोपऱ्यावर डिनर शोचं थिएटर उभं राहिलं. मेट्रो स्टेशनला गार्देलचं नाव मिळालं. आईसाठी घेतलेल्या घराचं २००३ मध्ये म्युझियम झालं.

आज त्या कोपऱ्यावरचं एका रात्रीचं जेवण आणि शो यांचा खर्च शहरातल्या सामान्य माणसाच्या खिशाबाहेरचा आहे. प्रेक्षक बहुतेक परदेशी असतात. जो टँगो हमालांच्या आणि गाडीवाल्यांच्या गर्दीत वाढला, तो आता त्यांच्या नातवंडांना तिकीट काढून बघावा लागतो. यावर तिथले जुने टँगोवाले नाक मुरडतात. पण हेही खरं की या शोमुळं शेकडो वादक, गायक आणि नाचणाऱ्यांच्या घरची चूल पेटते. गार्देल स्वतःही मार्केटातल्या कॅफेतून श्रीमंतांच्या कॅबरेत गेलाच होता. त्याला या पैशाचं वावडं असतं, असं म्हणणं अवघड आहे.

ज्यांना तिकीट परवडत नाही त्यांच्यासाठी चाकारिता आहे. तिथं गार्देलचा उभा पुतळा आहे, चेहऱ्यावर तेच हसू. येणारे लोक त्याच्या बोटांमध्ये पेटलेली सिगारेट अडकवून जातात. हा माणूस दिवसेंदिवस जास्तच चांगला गातोय, अशी म्हण ब्युनोस आयर्समध्ये आजही आहे.

बर्थ १९४३ मध्ये गेली. तिला त्याच दफनभूमीत मुलाजवळ ठेवलंय. दोन देश अजून कागद काढून भांडतायत. तो कुणाचा, याचं उत्तर त्यानं स्वतःपुरतं १९३३ मध्येच लिहून ठेवलं होतं.